ग्रीसची बुझुकी आयर्लंडची कशी झाली

फ्यूजन हा शब्द निघाला की संगीताच्या कोणत्याही बैठकीत दोन तट पडतात. एक म्हणतो, ही निव्वळ भेळ आहे. दुसरा म्हणतो, संगीताला देश नसतो. मला ही दोन्ही बोलणी अर्धवट वाटतात. कोणते मिश्रण मुरते आणि कोणते नुसते एका ताटात वाढलेले राहते, हे पाहावयाचे तर आयर्लंड आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशांचे गेल्या साठ वर्षांतील संगीत ऐकावे.

या संगीताला ‘केल्टिक’ म्हणतात. आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, मॅन बेट, कॉर्नवॉल आणि फ्रान्समधील ब्रिटनी या प्रदेशांच्या जुन्या भाषा एका कुळातल्या, त्यावरून हे नाव. भाषा एका कुळातल्या म्हणून संगीतही एकच, असे मात्र नाही. ‘केल्टिक संगीत’ ही पाटी बरीचशी ध्वनिमुद्रिका विकणाऱ्यांनी आणि महोत्सव भरवणाऱ्यांनी लावलेली आहे. सोयीची आहे म्हणून मीही ती वापरतो.

आयर्लंडचे जुने संगीत मुळात एकेरी सुरावटीचे. एक फिडल किंवा एक पाइप वाजे आणि माणसे नाचत. पाश्चात्त्य संगीत म्हटले की आपल्या मनात येणारी स्वरसंवादाची भर त्यात जवळजवळ नव्हती. चालीही केवळ मेजर आणि मायनर या दोन साच्यांत बसणाऱ्या नाहीत. पुष्कळशा आपल्या खमाज आणि काफी थाटांच्या स्वरांवर उभ्या आहेत, त्यामुळे आपल्या कानाला त्या परक्या वाटत नाहीत. तेथील इलन पाइप हे वाद्य बसून वाजवतात. कोपराखाली भाता असतो, तो दाबून पिशवीत हवा भरायची. ‘इलन’ म्हणजे कोपरच. सुरावटीच्या मागे त्याचे आधारस्वर सतत गुणगुणत असतात, तंबोऱ्यासारखे.

आता बुझुकीकडे येतो. बुझुकी हे लांब मानेचे, गोल पाठीचे ग्रीक तंतुवाद्य. १९६०-७० च्या दशकाच्या मध्यात जॉनी मॉयनिहन या आयरिश वादकाच्या हाती ते लागले. त्याने ग्रीक जुळणी ठेवली नाही. आयरिश चाली ज्या स्वरांभोवती फिरतात त्यांना सोयीची अशी जुळणी केली. पुढे डोनल लनी याने आणखी फेरफार केले. ग्रीक पद्धतीत जाड तारेच्या जोडीला एक सप्तक वरची बारीक तार असते. लनीने दोन्ही तारा एकाच स्वराच्या लावल्या. इंग्लंडमधील पीटर अ‍ॅब्नेट या कारागिराकडून त्याने वेगळ्या घडणीची बुझुकी करून घेतली. आवाज बदलला आणि धरण्याची रीतही बदलली.

परंतु खरी गोष्ट जुळणीपेक्षा वाजवण्यात आहे. गिटारवाला साथीला बसला की तो चालीखाली मेजर किंवा मायनर असा शिक्का मारतो. काफीच्या वळणाची चाल त्या शिक्क्याने घुसमटते. बुझुकीवाल्याने तो ठरवणारा गंधार पुष्कळदा वगळला. षड्ज-पंचमाचा मोकळा आधार दिला आणि मधल्या जागेत छोटी प्रतिसुरावट विणली. म्हणजे पाहुण्याने घरची रीत आधी ओळखली. लनी, अँडी अर्वाइन, क्रिस्टी मूर आणि पाइपवादक लिअम ओफ्लिन यांचा ‘प्लँक्स्टी’ हा संच १९७२ मध्ये निघाला, आणि पाइपमागे वाजणारी बुझुकी घरोघर पोचली. आज ‘आयरिश बुझुकी’ या नावाचे वाद्यच तयार होते. त्याचे मूळ ग्रीसमध्ये आहे हे कित्येक ऐकणाऱ्यांच्या गावीही नसते.

अँडी अर्वाइनने आणली ती वस्तू नव्हे, ताल. १९६८ मध्ये तो बाल्कन देशांत भटकायला गेला. आयरिश रील चारांची, जिग सहांची, स्लिप जिग तीन-तीन-तीन अशी नवांची. सगळे विभाग समान. बल्गेरियात मात्र सात मात्रा दोन-दोन-तीन अशा फोडतात. आपल्या रूपकाचे विभाग तीन-दोन-दोन. ते उलट लावून चौपट वेगाने धरा, म्हणजे कल्पना येईल. प्लँक्स्टीने १९७९ च्या ध्वनिमुद्रिकेत ‘स्मेचेनो होरो’ ही बल्गेरियन चाल घेतली. १९९२ मध्ये अर्वाइन आणि पाइपवादक डेव्ही स्पिलेन यांची ‘ईस्ट विंड’ निघाली. तिचा निर्माता बिल व्हेलन, जो पूर्वी प्लँक्स्टीत वाजवत असे. याच व्हेलनने ३० एप्रिल १९९४ रोजी डब्लिनच्या युरोव्हिजन स्पर्धेच्या मध्यंतरात सात मिनिटांचा ‘रिव्हरडान्स’ सादर केला. पुढच्या वर्षी त्याचा पूर्ण प्रयोग झाला, त्यात स्पेनचा फ्लॅमेंको, रशियन नृत्य, अमेरिकन टॅप असे सारे आले. नेत्रदीपक आहे, मीही टाळ्या वाजवल्या असत्या. पण ते मिश्रण नव्हे, पंगत आहे. प्रत्येक जण आपल्या पाटावर.

‘आफ्रो केल्ट साउंड सिस्टम’चे काम अधिक गुंतागुंतीचे. सायमन एमर्सन या इंग्लिश निर्मात्याला सेनेगलच्या बाबा मालबरोबर काम करताना आफ्रिकी आणि आयरिश चालींतले साम्य जाणवले. १९९५ मध्ये त्याने दोन्हीकडचे वादक इंग्लंडमध्ये एकत्र केले. १९९६ मध्ये पहिला अल्बम आला. अर्ध्या भोपळ्यावर कातडे ताणलेली एकवीस तारांची कोरा, पाइप, यंत्राचे ठेके आणि पुढे ब्रिटनमधील जॉनी कल्सीचा पंजाबी ढोल. कोरा आणि आयरिश तंतुवाद्ये एकमेकांत अशी मिसळतात की वेगळी काढता येऊ नयेत. २०२३ मध्ये एमर्सन वारला.

माझी शंका आहे ती गाण्याविषयी. त्या संचात इअर्ला ओ लिनॉर्ड गात असे. त्याची गायकी ‘शॉन-नोस’, म्हणजे ‘जुनी रीत’. साथ नाही, बांधलेला ताल नाही. शब्दाच्या ओघाने चाल लांबते, आखडते, प्रत्येक कडव्यात हरकती बदलतात. यंत्राचा ठेका काही थांबत नाही, म्हणून गाणाऱ्याला त्याच्यावर तरंगत राहावे लागते. शिवाय ही गाणी आयरिश भाषेतली. ती रोज बोलणारी माणसे मुख्यतः पश्चिम किनाऱ्याच्या काही मुलखांत उरली आहेत. जगभरच्या श्रोत्याला शब्द कळत नाहीत. त्याच्या लेखी गाणारा हा आणखी एक पाइप होतो. गाणे मात्र कोणाच्या तरी बुडाल्याचे, कोणाच्या तरी परागंदा होण्याचे असते.

हा वाद तिकडेही पेटला. १९९६ मध्ये डब्लिनला ‘परंपरा आणि बदल’ याच विषयावर परिषद भरली, तेव्हा टोनी मॅकमहोन यांनी नव्या प्रवाहावर कठोर टीका केली. मॅकमहोन स्वतः वाजवत बटन अ‍ॅकॉर्डियन, म्हणजे एकोणिसाव्या शतकात बाहेरून आलेलेच वाद्य! यात हसण्यासारखे काही नाही. मी भजनाला पेटीची साथ करतो. शेजारची दासरपदे आणि आमचे अभंग एकाच पेटीवर चालतात. तरी १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला बंदी केली आणि ती सुमारे तीन दशके राहिली, त्यामागचा आक्षेप खोटा नव्हता: पेटीला मींड घेता येत नाही, श्रुती दाखवता येत नाहीत. गोविंदराव टेंब्यांच्या हाती ती गायली हेही खरे, आणि तिच्या पट्ट्यांमध्ये काही स्वर हरवले हेही खरे.

म्हणून मला ब्रिटनीचे एक त्रिकूट विशेष मोलाचे वाटते: ब्रेटन गायक एरिक मार्शाँ, ऊदवादक तिएरी रोबँ आणि जयपूरचे तबलावादक हमीद खान. त्यांच्या १९९१ च्या ध्वनिमुद्रिकेचे नाव ‘तीन भाऊ’ या अर्थाचे आहे. गाणे ब्रेटन भाषेतले, ब्रेटन रीतीनेच म्हटलेले. ऊदला पडदे नसतात, त्यामुळे गायकाचा स्वर पट्टीच्या मधे कोठेही पडला तरी ऊद तेथे जाऊन पोचते, आणि तबला तर माणूस वाजवतो आहे. गाणाऱ्याने श्वास लांबवला तर तो वाट पाहू शकतो. ज्यांना या विषयाची गोडी लागेल त्यांनी आधी हे ऐकावे, मग प्लँक्स्टी, आणि रिव्हरडान्स सर्वांत शेवटी.