बेचाळीस रात्रींचा नेम



कोहमाऱ्याच्या चौकात एस.टी.ची वाट पाहत तुम्ही कधी ना कधी उभे राहिला असाल. मुंबईहून कलकत्त्याकडे जाणारा महामार्ग आणि गोंदियाहून येणारा रस्ता इथे एकमेकांना भेटतात. तिथे उभ्या उभ्या आपण किती वाचतो पाहा : बसची पाटी, ट्रकच्या मागची अक्षरे, दुकानांचे फलक, खताच्या पोत्यावरचा मजकूर, मोबाईलवरचे निरोप. म्हणजे आपल्याला वाचता येत नाही असे मुळीच नाही. पण कोणी एखादे पुस्तक हाती दिले, की आपण म्हणतो, "ठेवा, सवडीने पाहू." आणि ती सवड काही येत नाही.

हे मी दुसऱ्याला नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. मी शिक्षक. "मुलांनो, वाचत जा," असे वर्गात रोज सांगत असे. एके दिवशी एका पोराने सहज विचारले, "गुरुजी, तुम्ही काय वाचून राहिले सध्या?" पोराच्या मनात खोट नव्हती, पण माझ्यापाशी उत्तर नव्हते. शेवटच्या पानापर्यंत नेलेले पुस्तक आठवू लागलो, तर दहा वर्षे मागे जावे लागले.

त्या रात्री मी तिरीमिरीत नेम केला : वर्षाला पन्नास पुस्तके! तिसऱ्या पुस्तकापाशी नेम मोडला. तेव्हा स्वतःला आळशी म्हणून मोकळा झालो. आता वाटते, त्यात आळस थोडा होता आणि चुकीचा हिशेब फार होता.

पुस्तक हाती घेतले की झोप का येते, याचाही विचार करायला हवा. आपल्याला वाटते, डोळा ओळीवरून पाण्यासारखा वाहत जातो. तसे नाही. तो थांबत थांबत उड्या घेतो आणि एकेका थांब्यावर साधारण पाव सेकंद टेकतो. सराव असलेल्या वाचकाला एका थांब्यात अख्खा शब्द ओळखीचा वाटतो. सराव सुटलेल्याची निम्मी शक्ती अक्षरे जुळवण्यातच खर्च होते. ओळीच्या शेवटी पोहोचेतो आरंभीचा अर्थ निसटतो. मग पुन्हा मागे जायचे, पुन्हा तेच. असे मन थकते, आणि दोष मात्र पुस्तकावर जातो. यावर उपाय एकच, रोजचा थोडा सराव. बरेच दिवस नांगर न धरलेल्या हाताला पहिल्या दिवशी फोड येतात, म्हणून कोणी शेती सोडत नाही.

"पण आमचे लक्षच लागत नाही हो," असे कोणी म्हणेल. झाडीपट्टीतल्या माणसाने तरी असे म्हणू नये! दिवाळीनंतर मंडई भरते, रात्री नाटक उभे राहते, आणि तुम्ही-आम्ही थंडीत पहाटेपर्यंत बसून ते पाहतो. लक्ष आहेच. विषय आपला वाटला, की ते आपोआप लागते.

याचा एक पुरावाही आहे. अमेरिकेत १९८८ साली सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या खेळावरचा मजकूर वाचायला दिला होता. वाचनात कच्ची, पण खेळ चांगला जाणणारी मुले, वाचनात हुशार पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा अधिक समजली आणि त्यांनी अधिक लक्षात ठेवले. म्हणून पहिले पुस्तक निवडताना कोणते थोर, हे विचारू नका. आपल्या ओळखीचे कोणते, हे विचारा.

या बाबतीत आपला मुलूख भाग्यवान आहे. वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनी नवेगावबांधच्या तलावाकाठी आणि रानात वर्षे काढली आणि पुढे या भागावर भरभरून लिहिले. 'नवेगावबांधचे दिवस' हे त्यांच्या एका पुस्तकाचे नावच आहे. सोलापूरचा हा माणूस २००६ साली मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. २०२५ साली तो गेला. त्यांच्या पानांवर भेटणारी झाडे, पाखरे आणि पाणी तुम्ही डोळ्यांनी पाहिलेले असते. निम्मा अर्थ घरचाच, मग अक्षरे जड जात नाहीत. साताऱ्याकडचे भिलार २०१७ साली 'पुस्तकांचे गाव' झाले. पुढे ही योजना वाढली, तेव्हा निवडलेल्या गावांत नवेगावबांधही आले. शिवाय १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे सरकारी अनुदानावर चालणारी सार्वजनिक वाचनालये खेड्यापाड्यांतही आहेत. चौकशी तेवढी आपण करायची.

आता नेमाविषयी. पन्नास पुस्तकांचा नेम मोडल्यावर माझ्या हाती 'श्यामची आई' आले. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्याला प्रकरणे नाहीत, रात्री आहेत! श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री. मी ठरवले, पुस्तके मोजायची नाहीत, रात्री मोजायच्या. एका रात्रीला पुस्तकातली एक रात्र, बस्स.

जेवण झाले की दिव्याजवळची तीच जागा. मोबाईल दुसऱ्या खोलीत. वाचायचे मोठ्याने, म्हणजे भांडी आवरता आवरता घरच्यांच्याही कानावर पडते. मोठ्याने वाचणे हे कच्चेपणाचे लक्षण मानू नका; ते पुस्तक मुळात सांगण्यासाठीच आहे. चौथ्या-पाचव्या रात्री मी आळस केला, तर आईच म्हणाली, "अरे, पुढं काय झालं ते वाच ना!"

मधे निवडणुकीचे काम लागले, घरात एक लग्न निघाले. बेचाळीस रात्रींना माझे सत्तावन्न दिवस लागले. पण नेम मोडला असे मी मानले नाही. रोवणीच्या दिवसांत एक दिवस पाऊस दडला, म्हणून पऱ्हे कोणी फेकून देत नाही. राहिलेल्या रात्रीची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचण्याचा हट्टही धरू नये. खूण ठेवलेले पान उघडावे आणि पुढे चालावे. एखादे पुस्तक पन्नास पानांनंतरही रुचले नाही, तर ते सुखाने परत करावे.

पुढचा हिशेब सोपा आहे. रोज पाच पाने म्हटली, तर वर्षात अठराशे पंचवीस होतात, म्हणजे दोनशे पानांची नऊ पुस्तके. माझ्या पन्नासांपुढे हा आकडा लहान. पण हा हिशेब पुरा होतो.

याचा उपयोग काय, असे विचाराल तर एक रोकडी गोष्ट सांगतो. सराव सुटलेला माणूस सातबारा, बँकेचा कागद, धानविक्रीची पावती, सारे दुसऱ्याकडून वाचून घेतो आणि सांगतील तिथे सही करतो. रोज पाच पाने वाचणारा म्हणतो, "थांबा, मला आधी वाचू द्या." हे म्हणण्याची हिंमत सरावाने येते.

शिक्षक बंधुभगिनींना एकच विनंती. फळ्याच्या कोपऱ्यात आपण सध्या वाचत असलेल्या पुस्तकाचे नाव लिहून ठेवा आणि ते संपले की बदला. माझ्या वर्गात ते नाव असते. आता पोरे विचारतात, "गुरुजी, हे नाव लई दिवस झाले, बदलले का नाही?" त्या प्रश्नाने मला फार वेळा दिव्याजवळ बसवले आहे.