‘का’ विचारू नका, कागद मागा

माहितीच्या अधिकाराचा कायदा 12 ऑक्टोबर 2005 पासून लागू आहे. साध्या कागदावर अर्ज, त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप, आणि 30 दिवसांत माहिती. कचेरीच्या भिंतीवरचा फलक वाचला की किती सोपं वाटतं! मग आपल्यातल्या इतक्या जणी रिकाम्या हाताने परत का येतात, ते आज बघू या.

रेशनचंच घ्या. तीन महिने तांदूळ कमी मिळतोय. आपण अर्जात लिहितो, “आम्हाला तांदूळ कमी का दिला जातो?” उत्तर येतं, प्रश्नार्थक माहिती देता येत नाही. राग येतो, पण इथे कायदा त्यांच्या बाजूने आहे. 2008 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने सांगितलं, की ‘का’ या प्रश्नाचं उत्तर ‘माहिती’ या शब्दात बसत नाही. माहिती म्हणजे दफ्तरात आधीच असलेली नोंद. म्हणून तहसीलच्या पुरवठा शाखेला असं लिहायचं: “अमुक गावच्या रास्त भाव दुकानाला जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत किती तांदूळ दिला, त्या नोंदीची आणि दुकानाच्या वाटप नोंदवहीची प्रत द्यावी.” दुकानात किती आला आणि किती वाटला, हे दोन कागद शेजारी ठेवले की ‘का’चं उत्तर आपलं आपल्यालाच दिसतं.

महाराष्ट्रात आणखी एक मेख आहे. 2012 पासून एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा. त्यामुळे रेशन, घरकुल आणि पाण्याची टाकी एकाच अर्जात कोंबू नका. घरची सगळी कर्मकहाणीही नको.

आता खिडकीवरची अडचण. “कशाला हवी माहिती?” असं विचारतातच. कारण सांगायची गरज नाही, हे कायद्यातच लिहिलंय. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा. ते लिहून घ्यायला मदत करणं हे जन माहिती अधिकाऱ्याचं काम आहे. अर्ज चुकीच्या कचेरीत गेला, तर पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणंही त्यांचंच. “ठेवून जा, बघतो” म्हणाले तर मात्र हलू नका. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. नाहीच दिली तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. दारिद्र्यरेषेखालील बहिणींना फी नाही, पण दाखल्याची प्रत जोडावी लागते.

बचत गटाच्या नावाने केलेला अर्ज परत येऊ शकतो, कारण हा अधिकार नागरिकाला आहे, संस्थेला नाही. अर्ज बाईच्या स्वतःच्या नावानेच करायचा. आणि खरी भीती तिथेच असते. गावात नाव फुटतं. दुकानदार तुम्हाला काही बोलत नाही, तो चावडीवर तुमच्या नवऱ्याला गाठतो, सासऱ्यांना निरोप धाडतो. ही भीती उगाच नाही. तळेगाव दाभाडे इथले माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा जानेवारी 2010 मध्ये खून झाला. म्हणून आम्ही म्हणतो, एकटीने जाऊ नका. त्याच विषयावर पाच-सहा जणींनी आपापल्या नावाने अर्ज द्या, म्हणजे एकीलाच वेगळं काढून दबाव टाकणं अवघड जातं.

30 दिवस गेले, उत्तर नाही? कायद्याच्या दृष्टीने हा नकारच. पुष्कळ जणी इथेच सोडून देतात. त्याच कचेरीतल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा, 20 रुपयांचा स्टँप लावून. ते पत्र पोहोचलं की कधी कधी अडलेला कागद लगेच निघतो. नाहीच निघाला तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील करता येतं. तिथे मात्र हजारो अपिलं पडून आहेत, पाळी यायला खूप वाट बघावी लागते. अधिकाऱ्याला रोज 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड होऊ शकतो; तो क्वचितच होतो आणि झाला तरी आपल्या हातात पडत नाही.

एवढं मात्र पक्कं लक्षात ठेवा: मुदत टळल्यावर माहिती दिली तर ती फुकट द्यावी लागते. झेरॉक्सचे पैसे मागितले, तर पोचेवरची तारीख दाखवा.