कोयत्याची उचल आणि सभासदाची सही

पिंपरखेड-जांबुत पट्ट्यात ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये वीस-बावीस दिवसांत बिबट्यानं तीन बळी घेतले. मंचरला लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. त्यानंतर जुन्नर-आंबेगावात पिंजरे वाढले, गस्त वाढली आणि शाळेत जाणाऱ्या मुलांची काळजी घराघरांत बोलली जाऊ लागली. हे सगळं व्हायलाच हवं होतं. पण याच दिवसांत गळीत हंगाम सुरू झाला आणि बीड, पाथर्डी, जालन्याकडच्या टोळ्या आपल्या शिवारात उतरल्या. त्या राहतात उसाच्या कडेला, कोपीत. बांबूच्या कमानी, वर पाचट, त्यावर ताडपत्री. दाराच्या जागी साडीचा पडदा. पहाटे चारला आई-बाप फडात उतरतात. तान्हं पोर टायरगाडीला बांधलेल्या झोळीत असतं आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला सात-आठ वर्षांची बहीण असते. ज्या उसात बिबट्याची मादी पिल्लं घालते, त्याच उसाच्या बांधावर.

एवढा धोका दिसत असताना ही माणसं उठून का जात नाहीत? त्याचं उत्तर बिबट्यात सापडत नाही. ते टोळी आणणाऱ्या मुकादमाच्या वहीत आहे.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. एकटा आला तर ‘अर्धा कोयता’. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा मुकादम कोयत्याला उचल देतो आणि हंगामात ती अंगमेहनतीनं फेडायची असते. उचल एक लाख धरू. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादानं तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ दिली आणि टनाला सुमारे ३६६ रुपये मिळू लागले. या दरानं लाख रुपये फेडायला २७३ टन ऊस तोडून, मोळ्या बांधून, डोक्यावर घेऊन फळी चढून गाडीत भरावा लागतो. जोडप्यानं रोज दोन टन पाडला तरी १३७ दिवस लागतात, तेही एक दिवस न चुकवता. ऊस कमी पडून हंगाम चार महिन्यांच्या आत आटोपला, तर गणित तिथंच मोडतं. दर पंधरवड्याची खर्ची वेगळी. ती धान्य-किराण्यात जाते आणि वहीत चढते. खाडा झाला तर कितीतरी टोळ्यांत पाचशे रुपयांपर्यंत दंड. पाळी असो, ताप असो, सातवा महिना असो, खाडा तो खाडाच. शेवटी जी ‘बाकी’ अंगावर राहते, ती पुढच्या हंगामाची उचल होते. माणूस मुकादम बदलू शकत नाही.

बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा आकडा या खाड्याशेजारी ठेवून वाचावा. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. दवाखान्यांचा लोभ यात आहेच. पण महिन्यातले चार दिवस परवडत नाहीत, असं जिला वाटतं, तिला ते कुणी वाटायला लावलं?

मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट यांनी हा धागा महाराष्ट्रातली साखर विकत घेणाऱ्या शीतपेय कंपन्यांपर्यंत नेला, तेव्हा जगभर खळबळ झाली. युरोपीय संघाचा सक्तमजुरीच्या मालावर बंदी घालणारा कायदा १४ डिसेंबर २०२७ पासून लागू होतोय. आपल्याकडची द्राक्षं बाहेर जातात, तेव्हा हे वारं इथंही लागणार. त्यातून काही बरं झालं तर हवंच आहे. तरी माझा जीव त्या तपासणीत फारसा गुंतत नाही. बाहेरचा तपासनीस कारखान्याच्या फाटकातून आत येतो, बॉयलर बघतो, हेल्मेट बघतो, कायम कामगारांचं मस्टर बघतो. तोडणारीचं नाव त्या मस्टरवर नसतंच. कारखान्याचा करार वाहनमालकाशी किंवा मुकादमाशी. मुकादमाचा तिच्या नवऱ्याशी, तोंडी किंवा कोऱ्या स्टँपवर अंगठा घेऊन. तिच्याशी कुणाचाच करार नाही. अर्धं टनेज तिचं असूनही पैसे नवऱ्याच्या हातात पडतात.

शीतपेयाच्या कंपनीचा मालक परदेशात असेल. पण विघ्नहर आणि भीमाशंकर हे आपले दोन्ही कारखाने सहकारी आहेत. डिंभे, माणिकडोह, येडगाव धरणांच्या पाण्यानं ज्यांच्या रानात ऊस उभा राहिला, ते शेतकरीच त्यांचे सभासद. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या एफआरपीतूनच, म्हणजे उसाच्या ठरलेल्या भावातूनच, कापला जातो. म्हणजे कोयत्याची मजुरी आणि मुकादमाचं २० टक्के कमिशन आपणच भरतो. ज्याच्या पैशानं ऊस तुटतो, त्याला हिशोब विचारायचा हक्क आहे. वार्षिक सभेत काटा, उतारा आणि बिलाच्या तारखेवर आवाज चढतो. तोडणीचा कापलेला पैसा तोडणारीच्या हातात पडला का, हे कोण विचारतं?

इथं शेतकऱ्याचीही बाजू आहे आणि ती खोटी नाही. उचल घेऊन पळालेल्या टोळ्यांनी ट्रॅक्टर घेतलेली कितीतरी पोरं कर्जात बुडवली आहेत. पण वाहनमालकाची फसवणूक आणि मजुराची अडवणूक दोन्ही एकाच भोकातून होतात. पैसा रोख, नोंद मुकादमाची. उचल कारखान्यानं थेट कोयत्याच्या बँक खात्यात दिली, नवरा-बायकोची नावं वेगळी लिहिली आणि टनेजची पावती दोघांनाही दिली, तर दोन्ही फसवणुकींना आळा बसेल. राज्यात टनामागे दहा रुपयांच्या अंशदानावर उभं राहिलेलं गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, ओळखपत्रं आहेत. ओळखपत्र मुकादमाच्या पिशवीत न राहता बाईच्या हातात असलं पाहिजे.

कायदा तर १९७६ पासून आहे. वेठबिगार निर्मूलन कायद्यानुसार आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाचं दुसरीकडे काम करण्याचं किंवा हिंडण्या-फिरण्याचं स्वातंत्र्य गेलं, किंवा किमान मजुरीचा हक्क गेला, की ती वेठबिगारी. साखळदंड लागत नाही, कुलूप लागत नाही. हे सगळ्यात स्वच्छ शब्दांत कुणी समजावलं असेल, तर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी. १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात त्यांनी राज्यघटनेच्या २३व्या कलमातल्या सक्तीचा अर्थ उलगडला. भुकेनं दुसरा पर्याय ठेवला नाही म्हणून जो किमान मजुरीहून कमी पैशात राबतो, तोही सक्तीनंच राबतो. डिसेंबर १९८३ मध्ये फरिदाबादच्या दगडखाणींच्या खटल्यात ते आणखी पुढे गेले. मजूर सक्तीनं राबतोय असं दिसलं की तो उचलीपायीच राबतोय असं धरायचं आणि तसं नाही हे मालकानं सिद्ध करायचं. त्या खटल्याची सुरुवात न्यायालयाला आलेल्या एका पत्रातून झाली होती. ‘स्वखुशीनं आलेत की हो ते’ हे वाक्य आपल्याकडे पारावर सहज बोललं जातं. या दोन निकालांनंतर ते कायद्यापुढे टिकत नाही.

याच कायद्याचं तेरावं कलम मला आपल्या दोन तालुक्यांसाठी सगळ्यात मोलाचं वाटतं. जिल्ह्याप्रमाणेच प्रत्येक उपविभागातही दक्षता समिती हवी, असं ते सांगतं. आपला उपविभाग जुन्नर-आंबेगाव, त्याचं प्रांत कार्यालय मंचरला. समितीत अनुसूचित जाती-जमातींचे स्थानिक प्रतिनिधी आणि सामाजिक कार्यकर्ते असायला हवेत, म्हणजे साहेबांबरोबर गावातलीच माणसं. अशा समितीनं हंगामाच्या पहिल्या महिन्यात फडावर जावं, मुकादमाला बाजूला बसवून. वेठबिगार ठरलेल्याला मुक्ती प्रमाणपत्र आणि पुनर्वसनाची रक्कम देण्याची तरतूद सरकारची आहेच.

आपल्या फडांत बिबट्याची पिल्लं सापडतात, तेव्हा तोड थांबते. वन खात्याची माणसं येतात, माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले डॉक्टर येतात, पिल्लं क्रेटमध्ये ठेवून रात्रभर कॅमेरा लावतात आणि मादी येऊन त्यांना घेऊन जाते. ते बघताना जीव भरून येतो. एका फोनवर एवढी यंत्रणा रात्रभर जागी राहू शकते, हे याच शिवारानं दाखवून दिलंय. मजुरी टनावर असल्यानं थांबलेल्या दिवसाचं टोळीला काही मिळत नाही, पण पिल्लं तिथंच ठेवून हातात कोयता धरून बाजूला बसलेल्या बाया मी पाहिल्या आहेत.

लवादाचा करार तीन हंगामांचा, म्हणजे २०२५-२६ च्या हंगामापर्यंतचा. नवा दर ठरवायला संघटना आणि साखर संघ बसतील, आकडा रुपयांत येईल आणि बातमीही त्याचीच होईल. त्याच मसुद्यात खाड्याचा दंड रद्द करणारी एक ओळ आणि बाईच्या नावानं खातं ही दुसरी ओळ घालायला पैसा लागत नाही. समितीची माणसं फडावर गेलीच, तर त्यांनी तोडणारीला तीन गोष्टी विचाराव्यात. उचल किती घेतली? आजवर टन किती झाले? आणि उद्या पोर घेऊन गावी जायचं म्हटलं, तर जाता येईल का? तिसऱ्या प्रश्नाला तिनं उत्तर द्यायच्या आधी मुकादमाच्या दिशेनं पाहिलं, तर तेवढंही नोंदवहीत लिहावं.