'दुर्बीण' या शब्दाचा अर्थविस्तार आणि रुग्णाची संमती

'दूर' आणि 'बीन' (पाहणारा) या फारसी घटकांपासून बनलेला 'दुर्बीण' हा शब्द मराठीत पुरता रुळलेला आहे. लांबचे तारू पाहावयाच्या साधनाचे हे नाव, बोटभर अंतरावरील जठराचे अस्तर न्याहाळणाऱ्या नळीस लाभावे, हे व्युत्पत्तीच्या दृष्टीने विपरीतच होय. सूक्ष्मदर्शकास उर्दूत 'खुर्दबीन' म्हणतात. तो शब्द येथे अधिक शोभला असता. परंतु 'अंतर्दर्शक' हा पारिभाषिक शब्द कोशात राहिला आणि रुग्णालयात 'दुर्बीण टाकणे' हाच प्रयोग रूढ झाला.

बॅसिल हिर्शोविट्झ यांनी १९५७ मध्ये काचतंतूंची लवचीक नळी प्रचारात आणली, तेव्हा तिचे कार्य पाहणे एवढेच होते. पुढे त्याच नळीतून फास, सुरी व टाचण्या आत जाऊ लागल्या. साधन पाहणारे होते ते करणारे झाले. नाव मात्र बदलले नाही. पोटाच्या भिंतीस छिद्रे पाडून करावयाच्या शस्त्रक्रियेसही आपण 'दुर्बिणीची'च म्हणतो.

या एका शब्दाखाली येणाऱ्या क्रियांचा धोका सारखा नाही. तोंडावाटे जठराची नुसती तपासणी करताना छिद्र पडणे हे कित्येक हजारांत एखाद्याच्या वाट्यास येते. मोठ्या आतड्याच्या साध्या तपासणीतही हे प्रमाण सामान्यतः हजारी एकाहून कमी असते. गाठ कापावयाची झाल्यास ते वाढते. पित्तनलिकेच्या मुखातून शिरून खडा काढावयाच्या क्रियेनंतर (तिला डॉक्टर 'ई. आर. सी. पी.' म्हणतात) मात्र शेकडा ३ ते १० रुग्णांच्या स्वादुपिंडास सूज येते, आणि ती क्वचित प्राणावरही बेतते. म्हणूनच केवळ निदानासाठी ही क्रिया आता सहसा करीत नाहीत. ते काम चुंबकीय प्रतिमांवर भागते. अधिक धोका असलेल्या रुग्णांवरील २०१२ च्या एका अमेरिकी प्रयोगात, गुदमार्गे दिलेल्या इंडोमेथासिनने या सुजेचे प्रमाण शेकडा १६.९ वरून ९.२ वर आले.

याचा अर्थ क्रिया टाळावी असा नव्हे. पित्तनलिकेत अडकलेल्या खड्याने ज्यास कावीळ व थंडीताप आहे, त्यास खडा न काढणे हेच अधिक घातक. मोठ्या आतड्यातील गाठी वेळीच काढल्याने कर्करोग टळतो, हेही १९९३ पासून प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांनी दाखविले आहे.

प्रश्न आहे तो वाक्याचा. 'फक्त दुर्बीण टाकायची आहे, काही होत नाही', या वाक्यातील 'फक्त' हे अव्यय तपासणीपुरते बहुधा खरे असते. खडा काढावयाच्या वेळी ते खोटे ठरते. रुग्णास दोन्ही वेळा एकच शब्द ऐकू येत असल्याने पहिल्या वेळचा निर्धास्तपणा तो दुसऱ्या वेळी बरोबर घेऊन जातो व सही करतो. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये, उदराच्या दुर्बीण-तपासणीस दिलेली संमती ही गर्भाशय काढण्यास दिलेली संमती ठरत नाही, असा निर्णय दिला. कायद्याने केलेला हा भेद आपल्या बोलण्यात अद्याप पुरेसा उतरलेला नाही.

त्यासाठी नवा संस्कृत शब्द घडविण्याची गरज मला दिसत नाही. 'दुर्बीण' राहू द्यावी. तिच्यापुढे क्रियापद तेवढे नेमके यावे: दुर्बिणीने पाहणार, दुर्बिणीतून गाठ कापणार, दुर्बिणीतून नलिकेचे तोंड कापून खडा काढणार. आणि या तिसऱ्या वाक्यानंतर शेकड्याचा आकडा सांगावा.