पॅराक्वाट तणनाशक : गुण आणि धोका

मृगाचा पाऊस पडून पेरणी आटोपली म्हणजे पिकाबरोबर तणही डोके वर काढते, आणि नेमक्या त्याच वेळी खुरपणीस माणसे मिळेनाशी होतात. ह्या अडचणीमुळे आमच्या पुष्कळ शेतकरी बंधूंनी तणनाशकांचा आश्रय केला आहे. त्यांपैकी पॅराक्वाट ह्या द्रव्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते. दुकानात त्यास ‘औषध’ म्हणतात. परंतु ते विष आहे, आणि त्यावर खात्रीचा उतारा वैद्यकशास्त्रास अद्यापि सापडलेला नाही.

हा पदार्थ मुळात तणासाठी शोधलेला नव्हे. रसायनशास्त्रज्ञांस तो १८८२ पासून माहीत होता, व १९३३ पासून रंगबदल दाखविणारे द्रव्य म्हणून प्रयोगशाळांत त्याचा उपयोग होऊ लागला. हिरवी पाने करपविण्याचा त्याचा गुण इंग्लंडातील जेलट्स हिल येथील संशोधनकेंद्रात १९५५ साली उघडकीस आला, आणि १९६२ पासून तो बाजारात आला. आपल्याकडे सामान्यतः विकले जाते ते त्याच्या डायक्लोराइड क्षाराचे शेकडा २४ प्रमाणाचे द्रावण होय. हा क्षार पाण्यात सहज विरघळतो, पण वाफ होऊन उडून जात नाही. आम्लात तो टिकतो, अल्कलीत विघटन पावतो. ॲल्युमिनियमच्या भांड्यास तो खातो. सबब अशा भांड्यात तो कालवू नये.

आता त्याची क्रिया पाहू. हिरवे पान सूर्यप्रकाशातील शक्ती धरून तिच्या योगाने आपले अन्न तयार करते. पॅराक्वाट ही शक्ती वाहणारे विद्युत्कण मध्येच हिरावून घेतो व प्राणवायूस देतो. त्यामुळे प्राणवायूचे अतिशय दाहक रूप उत्पन्न होऊन पेशींची आवरणे फुटतात, रस बाहेर पडतो, आणि कडक उन्हात काही तासांतच पान कोमेजते. विशेष हे की, विद्युत्कण देऊन टाकताच पॅराक्वाट पुन्हा पूर्ववत् होतो व तेच काम नव्याने आरंभितो. म्हणूनच थोड्या विषाने मोठा नाश होतो. मात्र ते मुळांपर्यंत फारसे उतरत नसल्यामुळे हराळी व लव्हाळा वरून जळाले तरी खालून पुन्हा फुटतात. शिवाय ते तण आणि पीक असा भेद जाणत नाही. हिरवे ते सर्व जाळते.

जमिनीवर पडल्यावर मात्र चिकणमातीचे कण त्यास इतके घट्ट धरून ठेवतात की, त्याची मारक शक्ती लुप्त होते. गढूळ पाण्यात कालविलेले द्रावण निकामी ठरते ते ह्याच कारणाने. ‘मातीत गेले की विष मेले’ अशी जी समजूत आहे, तीत इतके तथ्य आहे. परंतु ह्यावरूनच काही बंधू असे अनुमान काढतात की, हे द्रव्य माणसासही फारसे बाधत नसावे. हे अनुमान घातक होय.

कारण जी क्रिया पानात, तीच मनुष्याच्या फुप्फुसात. तेथे उन्हाची गरज नाही. प्राणवायू विपुल असतो, आणि फुप्फुसाच्या पेशी हे विष रक्तातून ओढून आपल्यात साठवितात. घट्ट द्रावणाचा एक घोटही प्राणघातक होऊ शकतो. आरंभी तोंड व घसा भाजतो, वांत्या होतात. दोन-चार दिवसांत मूत्रपिंडे व यकृत बिघडतात. त्यानंतर फुप्फुसे निबर होत जातात, आणि रोगी पुष्कळदा शुद्धीवर असतानाच काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी श्वासावाचून दगावतो. इतर रोगांत जीवदान देणारा प्राणवायू येथे विषाचेच बळ वाढवितो. म्हणून तो देतानाही डॉक्टरांस हात आखडता घ्यावा लागतो.

डब्यावरील पिवळ्या त्रिकोणामुळेही गैरसमज होतो. लाल त्रिकोण नाही, तेव्हा विष मध्यम असेल, असे वाटते. पण हा रंग जनावरांवरील प्रयोगांतून ठरलेल्या मारक मात्रेवरून दिलेला असतो. उतारा आहे की नाही, हे तो सांगत नाही.

म्हणून पुढील नियम कटाक्षाने पाळावेत :

(१) खरा धोका घट्ट द्रावण मोजून ओतण्याच्या वेळी असतो. त्या वेळी रबरी हातमोजे व डोळ्यांस चष्मा हवाच.

(२) गळका पंप पाठीवर घेऊ नये. धडधाकट कातडीतून हे विष थोडेच आत जाते. पण ओल्या कपड्याने कातडी सोलवटली, किंवा अंगावर जखम असली, तर त्या वाटेने गेलेल्या विषानेही माणसे मेली आहेत.

(३) पेयाच्या किंवा दारूच्या बाटलीत ते कधीही काढून ठेवू नये. अनेक देशांत त्यात निळा रंग, दुर्गंधी व वांतिकारक द्रव्य मिसळतात, ते अशाच चुका टाळण्यासाठी.

(४) डबा कुलपात ठेवावा. घरातील एखादे माणूस क्षणिक निराशेत असेल, तर ते कुलूपच त्याचा प्राण वाचविते.

(५) अंगावर उडाल्यास कपडे काढून साबणाने भरपूर धुवावे; डोळे निदान पंधरा मिनिटे पाण्याने धुवावेत. पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी, लक्षणांची वाट न पाहता, डबा बरोबर घेऊन तत्काळ मोठ्या रुग्णालयात जावे. पहिले काही तासच मोलाचे असतात.

हे विष नसले तर शेती अडेल काय, अशी शंका कोणी घेईल. स्वीडनने १९८३ साली, युरोपीय संघाने २००७ साली व केरळ राज्याने २०११ साली ते बंद केले. दक्षिण कोरियात २०१२ पासून त्याची विक्री थांबली. त्यानंतर तेथे कीटकनाशके व तणनाशके प्राशन करून होणाऱ्या आत्महत्या सुमारे निम्म्याने घटल्या, आणि पिकांचे उत्पन्न कमी झाल्याचे दिसून आले नाही. कोळपे, खुरपे व आच्छादन ही आपली जुनी साधने अजून निरुपयोगी झालेली नाहीत.

बहुधा पंप मालकाच्या पाठीवर नसतो; तो गड्याच्या पाठीवर असतो, आणि डब्यावरील बारीक अक्षरे त्यास वाचता येतातच असे नाही. ती वाचून त्यास समजावून देणे व हातमोजे पुरविणे हे मालकाचे कर्तव्य होय. तण पुन्हा उगवते आणि पुन्हा काढता येते. गेलेला माणूस परत येत नाही, एवढे आमच्या वाचकांनी विसरू नये.