नागपूर ते युरोप थेट विमान : वाघांच्या राजधानीचे अपुरे गणित

लंडन किंवा फ्रँकफर्टमध्ये नोकरी करणाऱ्या वैदर्भीय माणसाचा घरी जाण्याचा प्रवास मुंबई किंवा दिल्लीत उतरल्यावर संपत नाही. सामान ताब्यात घेणे, सीमाशुल्क तपासणी, कधी कधी दुसऱ्या टर्मिनलवर जाणे, काही तासांची प्रतीक्षा आणि मग नागपूरचे विमान, असा पुढचा अध्याय शिल्लक असतो. तरुणांना तो कंटाळवाणा वाटतो; मुलांकडे निघालेल्या सत्तरीतील आईवडिलांना तो धास्तीचा वाटतो. ताडोबाला निघालेल्या परदेशी पर्यटकाची गतही वेगळी नसते. म्हणूनच नागपूरहून युरोपला थेट विमान हवे, ही मागणी वारंवार पुढे येते. तिच्यामागील भावना रास्त आहे. परंतु लांब पल्ल्याची सेवा कोणत्या हिशेबावर सुरू होते आणि कोणत्या हिशेबावर बंद पडते, हे समजून घेतल्याशिवाय त्या मागणीचे वजन ठरवता येत नाही.

पर्यटनाची शिदोरी

नागपूरकडे दाखवण्यासारखे पुष्कळ आहे. महाराष्ट्रातील सहा व्याघ्रप्रकल्पांपैकी ताडोबा-अंधारी, पेंच, मेळघाट, बोर आणि नवेगाव-नागझिरा हे पाच विदर्भात आहेत. मेळघाट हा १९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्रप्रकल्प योजनेच्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक. ताडोबाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा १९५५ साली मिळाला. मध्य प्रदेशातील पेंच आणि कान्हा येथे जाणाऱ्यांनाही नागपूर हाच सोयीचा विमानतळ आहे. ‘वाघांची राजधानी’ हे बिरुद शहराने उगाच मिरवलेले नाही.

जंगलापलीकडेही बरेच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती दीक्षाभूमी शहरातच आहे. कामठीचे ड्रॅगन पॅलेस मंदिर जपानी सहकार्यातून उभे राहिले. गांधीजींचा सेवाग्राम आश्रम रस्त्याने दीड-दोन तासांवर आहे, रामटेक त्याहून जवळ. तरीही परदेशी प्रवाशाच्या नकाशावर दिल्ली, आग्रा, जयपूर, गोवा आणि केरळ ही नावे आधी येतात. पर्यटनस्थळ असणे आणि ते प्रवासी कंपन्यांच्या पुस्तिकेत विक्रीयोग्य सहल म्हणून असणे, यांत मोठे अंतर आहे.

एका विमानामागची बेरीज

समजा, २५६ आसनांचे बोइंग ७८७-८ जातीचे विमान आठवड्यातून तीन दिवस नागपूर ते लंडन असे धावले. वर्षभरात दोन्ही दिशा मिळून सुमारे ८० हजार आसने विक्रीस येतील. त्यांपैकी ८० टक्के भरायची म्हटली तरी जवळपास ६४ हजार प्रवासी हवेत. तेही वर्षभर, दोन्ही दिशांना आणि कंपनीला परवडणाऱ्या दरात. हिवाळ्याच्या सुट्टीतील चार आठवडे विमान खच्चून भरले आणि उरलेल्या महिन्यांत निम्मे रिकामे गेले, तर हिशेब कोलमडतो.

शिवाय आसन भरणे म्हणजे नफा होणे नव्हे. लांब पल्ल्याच्या उड्डाणात बिझनेस वर्गातील मोजक्या आसनांचा उत्पन्नातील वाटा त्यांच्या संख्येच्या मानाने फार मोठा असतो. ही आसने पर्यटक क्वचितच घेतात. ती कंपन्यांच्या कामासाठी फिरणारे लोक घेतात. मिहानमध्ये इन्फोसिस, टीसीएस, एचसीएल यांची केंद्रे आहेत, वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय नागपुरात आहे. मात्र पुणे, बंगळुरू किंवा हैदराबादच्या तुलनेत युरोपकडे जाणारा असा प्रवासी वर्ग येथे अजून लहान आहे. विमानाच्या पोटात जाणारा माल हा उत्पन्नाचा तिसरा आधार. नागपूरचे संत्रे प्रसिद्ध असले, तरी विमानाचे भाडे सोसून रोज युरोपला जाईल असा तो माल नव्हे.

हंगामांचा मेळ

या हिशेबात नागपूरच्या बाजूने जाणारी एक गोष्ट क्वचितच बोलली जाते. व्याघ्रप्रकल्पांचे गाभाक्षेत्र पावसाळ्यात, साधारणपणे जुलै ते सप्टेंबर, पर्यटकांना बंद असते. ऑक्टोबर ते मार्च हा परदेशी पर्यटकांच्या पसंतीचा काळ. एप्रिल-मे मध्ये पाणवठ्यांवर वाघ दिसण्याची शक्यता अधिक असते, पण चाळीस अंशांपलीकडचे ऊन युरोपीय पाहुण्यांपैकी अनेकांना सोसवत नाही.

परदेशस्थ कुटुंबांचे वेळापत्रक याहून वेगळे असते. ब्रिटनमध्ये शाळांची मोठी सुट्टी जुलैच्या उत्तरार्धापासून सुरू होते, आणि नेमके तेव्हाच जंगल बंद असते. म्हणजे पर्यटक नसतात त्या आठवड्यांत घरी येणारे असतात. दोघांची गर्दी केवळ डिसेंबरमध्ये एकमेकांवर चढते. दोन्ही प्रवाह जोडले, तर एकट्या पर्यटनापेक्षा वर्षाचा आलेख पुष्कळ समतल होतो. लांब पल्ल्याच्या सेवेचा विचार म्हणूनच ‘पर्यटन की परदेशस्थ मराठी’ असा करून चालत नाही. एकाने दुसऱ्याचे रिकामे महिने भरावे लागतात.

भारतातील इतर उदाहरणे हेच सांगतात. अमृतसरहून बर्मिंगहॅमला आणि अहमदाबादहून लंडनला थेट विमाने चालली, ती प्रामुख्याने ब्रिटनमधील पंजाबी आणि गुजराती कुटुंबांच्या येण्याजाण्यावर. उलट गोव्याचे नाव ब्रिटिश पर्यटकांना अनेक दशके परिचित आहे. तरीही एअर इंडियाने २०२३ साली सुरू केलेली गोवा ते लंडन गॅटविक ही सेवा २०२५ मध्ये स्थगित झाली. त्यामागे विमानांची उपलब्धता आणि लांबलेले हवाई मार्ग अशी कारणे होती, हे खरे. पण विमाने कमी पडतात तेव्हा कात्री आधी कोणत्या मार्गांवर चालते, हेही त्यातून दिसते.

धावपट्टी आणि विमान

लांब पल्ल्याचे विमान इंधनाने जड झालेले असते आणि जड विमानाला लांब धावपट्टी लागते. पुण्याची अडचण येथेच आहे. लोहगाव हा हवाई दलाचा तळ असून त्याची धावपट्टी सुमारे २,५३५ मीटरची आहे. जुलै २००८ मध्ये लुफ्तान्साने फ्रँकफर्ट-पुणे सेवा सुरू केली, तेव्हा प्रायव्हेटएअर या स्विस कंपनीची, मोजक्या आसनांची छोटी विमाने वापरावी लागली. मागणी असलेल्या शहराला मोठे विमान मिळाले नाही आणि पुढे ती सेवाही टिकली नाही.

नागपूरचे चित्र याच्या उलट आहे. येथील धावपट्टी ३,२०० मीटरची आहे. मिहानमध्ये बोइंगने उभारलेल्या देखभाल केंद्रात मोठ्या विमानांची दुरुस्ती होते. इतकेच काय, बोइंग ७८७ च्या फ्लोअर बीम, म्हणजे केबिनची जमीन पेलणाऱ्या तुळया, मिहानमधील टाटा समूहाच्या कारखान्यात तयार झाल्या आहेत. विमानाचे सुटे भाग घडवणाऱ्या शहरातून त्या विमानाने परदेशी जाता येत नाही, ही खंत त्यामुळे स्वाभाविक ठरते. अडथळा उन्हाळ्याचा आहे. तापलेली हवा विरळ होते, पंखांना मिळणारा उचल आणि इंजिनाचा जोर दोन्ही घटतात. त्यामुळे मे महिन्यात भर दुपारी पूर्ण भार घेऊन उड्डाण करणे कठीण होते. मात्र रात्री किंवा पहाटेची वेळ निवडली, की हा प्रश्न बराचसा सुटतो.

आसने भरण्याची चिंता कमी करणारा पर्याय म्हणून एअरबस ए३२१एक्सएलआर या विमानाकडे पाहिले जाते. सुमारे दोनशे आसनांचे हे एकमार्गिकेचे विमान नोव्हेंबर २०२४ मध्ये आयबेरिया कंपनीच्या सेवेत दाखल झाले. इंडिगोनेही अशा विमानांची मागणी नोंदवली आहे. त्याचा कमाल पल्ला ८,७०० किलोमीटर सांगितला जातो; नागपूर ते फ्रँकफर्ट हे सरळ अंतर सुमारे ६,८५० आणि नागपूर ते लंडन सुमारे ७,४५० किलोमीटर आहे. कागदावर हे जमते. प्रत्यक्षात पश्चिमेकडे जाताना समोरचा वारा असतो, राखीव इंधन ठेवावे लागते आणि आकाशातील मार्ग सरळ नसतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले हवाई क्षेत्र भारतीय कंपन्यांना बंद केल्यावर युरोपची भारतीय उड्डाणे लांबली, हा ताजा अनुभव आहे. तेव्हा फ्रँकफर्ट आवाक्यात, लंडन काठावर, असे म्हणणे योग्य ठरेल.

परवानगी आड येत नाही, स्पर्धा येते

परदेशी कंपन्यांना नागपुरात येण्याची मुभा नाही, असा एक समज आढळतो. २०१६ च्या राष्ट्रीय नागरी विमान वाहतूक धोरणाने दिल्लीपासून ५,००० किलोमीटरपलीकडील देशांशी परस्पर तत्त्वावर मुक्त हवाई कराराची दिशा स्वीकारली. अमेरिकेशी तर २००५ सालापासून असा करार आहे. युरोप आणि अमेरिकेच्या बाबतीत कागदी अडथळा मुख्य नाही.

मुख्य प्रश्न दोहा आणि शारजासारख्या आखाती केंद्रांच्या स्पर्धेचा आहे. नागपूर गेली काही वर्षे कतार एअरवेजच्या दोहा सेवेने आणि एअर अरेबियाच्या शारजा सेवेने जोडलेले आहे. दोह्यावरून एकच थांबा घेऊन मँचेस्टर, एडिंबरा, झुरिक किंवा शिकागो गाठता येते. नागपूर-लंडन थेट विमान मात्र फक्त लंडनच्या प्रवाशाला खऱ्या अर्थाने उपयोगी. मँचेस्टरच्या माणसाला एक थांबा तिकडेही आहे आणि इकडेही. म्हणून युरोपातील एखाद्या मोठ्या केंद्राची कंपनी, जिच्याकडे पुढे अमेरिकेपर्यंतची जोडविमाने आहेत, तीच अशा मार्गावर अधिक टिकण्याची शक्यता असते.

सरकारी मदतीचा धडा

नव्या मार्गाचा सुरुवातीचा तोटा कोणीतरी सोसावा लागतो. जगभर अनेक शहरे ही जबाबदारी काही काळ उचलतात. अमेरिकेतील पिट्सबर्गने २०१९ साली ब्रिटिश एअरवेजची लंडन सेवा आणताना दोन वर्षांसाठी ३० लाख डॉलरचे साहाय्य देऊ केले होते. तेथे विद्यापीठे, रुग्णालये आणि तंत्रज्ञान कंपन्या यांचा पाया आधीच होता. मदतीने फक्त पहिला धक्का दिला.

आंध्र प्रदेशाचा अनुभव निराळा आहे. डिसेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारच्या तूटभरपाईच्या हमीवर विजयवाडा-सिंगापूर सेवा सुरू झाली. पुढल्याच वर्षी हमीचा आधार गेला आणि विमानही गेले. दोन्ही उदाहरणांतून निघणारा निष्कर्ष साधा आहे : पैशाने विमान आणता येते, ते टिकवण्यासाठी प्रवासी लागतात. महाराष्ट्राने असा निधी द्यायचाच असेल, तर तो मुदतबंद असावा, दरवर्षी घटत जावा आणि त्यासोबत परदेशातील सहल कंपन्यांशी विक्रीचे करार व्हावेत.

नागपूर विमानतळाच्या विस्ताराला झालेला विलंबही येथे नोंदवला पाहिजे. २०१९ मध्ये जीएमआर समूहाची निवड झाली, २०२० मध्ये ती प्रक्रिया रद्द केली गेली आणि प्रकरण न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये जीएमआरच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतरची उपचारात्मक याचिका निकाली निघण्यास २०२४ उजाडले. एवढ्या काळात इतर शहरांची नवी टर्मिनले उभी राहिली.

जंगल किती पाहुणे पेलणार?

विमान आले म्हणून ताडोबाच्या प्रवेशद्वारांवर हव्या तितक्या जिप्सी वाढवता येणार नाहीत, आणि वाढवूही नयेत. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाभाक्षेत्रातील पर्यटनावर काही काळ बंदी घातली होती. त्यानंतर आलेल्या राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांनी गाभाक्षेत्राच्या २० टक्क्यांपर्यंतच पर्यटनाला वाव ठेवला. प्रत्येक द्वारातून किती वाहने सोडायची, हे ठरलेले असते. सुट्ट्यांच्या दिवसांत ही आरक्षणे आधीच संपतात.

यावरून पर्यटनाची दिशाही ठरते. दोन दिवसांत ताडोबा उरकून परतणाऱ्या हजारो पाहुण्यांपेक्षा आठ-दहा दिवस राहून नागझिरा, बोर, मेळघाट, सेवाग्राम आणि दीक्षाभूमी पाहणारे थोडे पाहुणे विदर्भाला अधिक देतात. त्यांचा खर्च भंडारा, गोंदिया, अमरावतीपर्यंत पोहोचतो. बफर क्षेत्रातील गावांना वाटाडे, निवास आणि भोजन यांतून उत्पन्न मिळाले, तरच वाघाच्या हल्ल्यात गुरे आणि माणसे गमावणाऱ्या त्या गावांना वाघ आपला वाटेल. थेट विमानाचा खरा लाभ मोजायचा तर तो येथे मोजावा लागेल.

पुढची पायरी

एका उडीत लंडन गाठण्यापेक्षा टप्प्याटप्प्याने जाणे शहाणपणाचे ठरेल. प्रथम आखाती सेवांची वारंवारता वाढवणे. मग सिंगापूर किंवा बँकॉकसारखी पूर्वेची जोडणी मिळवणे, जिच्यामुळे थायलंड आणि जपानमधील बौद्ध यात्रेकरूंनाही वाट खुली होईल. त्यानंतर ऑक्टोबर ते मार्च या काळात युरोपातील एखाद्या केंद्राकडे आठवड्यातून दोन हंगामी उड्डाणे, आणि ती भरली तर बारमाही सेवा.

या प्रक्रियेत परदेशस्थ मराठी माणसाच्या हाती एक साधे साधन आहे. विमान कंपन्या नव्या मार्गाचा विचार करताना कोणत्या शहरातून कोणत्या शहराला किती तिकिटे निघाली, याची आकडेवारी विकत घेऊन तपासतात. लंडन-मुंबई हे एक तिकीट आणि पुढे मुंबई-नागपूर हे वेगळे तिकीट, किंवा रेल्वे, किंवा समृद्धी महामार्गावरून मोटार, असा प्रवास केला की तो प्रवासी त्या आकड्यांत मुंबईचा म्हणून मोजला जातो. लंडन-नागपूर असे एकच तिकीट काढले, तर नागपूरची मागणी नागपूरच्या नावावर चढते. तसे तिकीट कधी थोडे महागही पडते. पण जोडविमान चुकल्यास पुढची व्यवस्था करण्याची जबाबदारी कंपनीवर राहते, हा वृद्ध आईवडिलांच्या दृष्टीने मोठा दिलासा असतो.

निवेदने आणि सह्यांच्या मोहिमा मंत्रालयापर्यंत पोहोचतात. विमान कंपनीच्या नियोजन विभागापर्यंत पोहोचतात ती विकली गेलेली तिकिटे.