कागदावर वजन बरोबर, विमानात मात्र जास्त

छोटे विमान पडले की लोक वैमानिकाला नाही तर हवेला दोष देऊन मोकळे होतात. अमेरिकेतील शार्लट विमानतळावर ८ जानेवारी २००३ रोजी झालेल्या अपघाताची कारणे निराळी होती. ती तराजू आणि हत्यार हाताळणाऱ्या आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंनी समजून घ्यावीत, म्हणून येथे देत आहोत.

एअर मिडवेस्ट कंपनीचे हे विमान १९ आसनांचे होते. सर्व आसने भरलेली होती. विमान उडताच त्याचे नाक वर जाऊ लागले. वैमानिकांनी जोर लावूनही ते खाली येईना. उड्डाणानंतर ३७ सेकंदांत विमान दुरुस्तीच्या एका हँगरवर आदळले. १९ प्रवासी आणि दोन वैमानिक, असे २१ जण ठार झाले.

विमानाचे नाक वर-खाली होते ते शेपटीवरील हलत्या फळीमुळे. तिला एलिव्हेटर म्हणतात. ही फळी तारांनी ओढली जाते आणि तारांचा ताण टर्नबकल फिरवून बसवतात. अपघाताच्या दोन रात्री आधी हे काम झाले. करणाऱ्या मेकॅनिकने या जातीच्या विमानावर ते पूर्वी कधीच केले नव्हते. त्याला शिकवणारा आणि त्याचे काम तपासणारा माणूस एकच होता. पुस्तकात लिहिलेल्या काही पायऱ्या त्याच्या संमतीने वगळल्या गेल्या. शेवटची तपासणीही झाली नाही. परिणामी नाक खाली आणण्यासाठी फळी जेवढी फिरायला हवी, त्याच्या जवळजवळ निम्मीच फिरू लागली.

त्यानंतरच्या फेऱ्यांत भार कमी होता, म्हणून चूक झाकली गेली. ८ तारखेला मात्र विमान भरले. माणसे व सामान प्रत्यक्ष न तोलता ठरावीक सरासरीने वजन धरण्याची पद्धत होती. त्या हिशेबाने सारे नियमात बसत होते. चौकशीत दिसले की विमानात सुमारे ५८० पौंड, म्हणजे २६३ किलो, जादा वजन होते आणि भाराचा तोल मर्यादेबाहेर शेपटीकडे गेला होता. जड शेपटीने नाक वर उचलले आणि ते दाबायला फळी पुरी पडली नाही.

सरासरी जुनी झाली होती, माणसे जड झाली होती. अपघातानंतर अमेरिकी सरकारने छोट्या विमानांच्या कंपन्यांना प्रवासी प्रत्यक्ष तोलायला लावले आणि सरासरी वाढवली.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. दुरुस्ती कंपनीच्या स्वतःच्या माणसांनी केली नव्हती. काम एका कंपनीला दिलेले होते आणि तिने मेकॅनिक दुसऱ्या कंपनीकडून घेतले होते. तरी २००५ मध्ये मृतांच्या नातलगांपुढे उभे राहून जाहीर माफी मागावी लागली ती एअर मिडवेस्टलाच.

आपणही काम बाहेर देतो, जुन्या मापावर अंदाज बांधतो, कसबी माणूस आहे म्हणून त्याचे काम पुन्हा पाहत नाही. लिफ्ट, बॉयलर, गाडीचे ब्रेक, बांधकामाची परात असे जिवाशी निगडित काम असेल, तर करणारा एक आणि तपासणारा दुसरा असावा. माल अंदाजाने न भरता तोलून भरावा. त्यात अर्धा तास जाईल, पण तो वाचवू नये, एवढीच आमची विनंती.